गोल झाल्यावर वर केलेले हात

परदेशातल्या त्या संघात हा स्ट्रायकर वयाने सगळ्यांत थोराड. गोलकीपर त्याच्याच मुलखाचा. तो याला मामा म्हणायचा, म्हणून सगळेच मामा म्हणू लागले. मामाचं बिऱ्हाड कायम पाठीवर. कुठे वर्ष, कुठे दोन. नवा स्ट्रायकर आला की याची उचलबांगडी. पण अंगचोरपणा नाही. सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. गुडघा कुरकुरायचा, तो करकचून बांधून पळायचा.

हंगामाचा शेवटचा सामना त्याच्याच एका जुन्या क्लबाच्या मैदानावर होता. कोचने बसमध्येच सुनावलं, "आज जिंकलो तर खालच्या गटात जाणं टळेल आणि तूही राहशील. नाहीतर तुझा रस्ता तुला, आमचा आम्हाला."

फाटकावर रखवालदाराने मामालाच अडवलं. "पास?"

"अहो, मी इथे दोन वर्षं खेळलोय."

"इथे पुष्कळ खेळून गेले."

गोलकीपर खिदळला, "काय मामा, सासुरवाडीने जावयालाच ओळखलं नाही?"

मामा हसला, पण ते त्याला लागलं.

सामना संपत आला तरी ते एका गोलने मागे होते. तेवढ्यात उजवीकडून चेंडू आला. मामा दोन बचावपटूंच्या मधून घुसला, दुखऱ्या गुडघ्यावरच उसळला आणि डोक्याने चेंडू जाळीत घातला. बरोबरी. पण जिंकायला अजून एक गोल हवा होता.

आता चेंडू उचलायचा आणि मध्यावर पळत सुटायचं. पण खेळाडूंचा एक रिवाज आहे: ज्या क्लबाचं मीठ खाल्लं, त्याच्यावर गोल केला तर नाचायचं नाही, हात वर करून माफी मागायची. मामाने दोन्ही हात वर केले, मान खाली घातली आणि जुन्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

"मामा, चेंडू! चेंडू आण!" मागून गोलकीपर ओरडत होता. समोरच्या गोलकीपरने तोवर वेळ काढायला चेंडू पोटाशी धरून लोळण घेतली होती.

एखादी तरी टाळी येईल, असं मामाला वाटलं. कठड्याजवळच्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, "हा कोण रे?"

"कोण जाणे. भाड्याचा असेल."

खेळ पुन्हा सुरू झाला. चेंडू शेवटी मामाच्याच पायाशी आला, समोर मोकळी जाळी. त्याने पाय उचलला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

कपडे बदलायच्या खोलीत मामा बाकावर टेकला. कोच समोर येऊन उभा राहिला.

"माफी कोणाची मागत होतास?"

"मी खेळलोय इथे."

"त्यांना ठाऊक आहे?"

मामा गुडघ्याची पट्टी सोडत राहिला. पट्टीचे वळ कातडीत रुतले होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, गोल बघितला हं! पण पोरगी विचारतेय, बाबांना पोलिसांनी पकडलं का? असे हात वर करून का उभे होते?"

"सांग तिला, सुटलो म्हणावं."