नागिणीची लस आणि आत्यांचा गेरू

मंडळी, वडगावच्या आमच्या घरी सासऱ्यांनी काल नागीण होऊ नये म्हणून लस घेतली. आज सकाळी दंड लाल आणि अंगात ताप. त्यांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यांनी, ते बघितलं. "नागीण उठली गं!" म्हणत त्या गेरूच्या लेपाची वाटी घेऊन धावल्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वाटी काढूनच घेतली.

"आत्या, मागावर धागा तोच ठेवून नक्षीचं भोकांचं कार्ड बदललं, तर काठाची नक्षी बदलते न्हवं? लसीतला विषाणूचा तुकडा म्हणजे धागा. सोबतचं ॲडजुव्हंट, म्हणजे लसीचा जोर वाढवणारं द्रव्य, ते कार्ड. शरीरानं कुठली फौज उठवायची, ते त्यावर ठरतं. नागीण नसांत लपते, नुसत्या प्रतिपिंडांवर भागत न्हाय, लढणाऱ्या पेशी लागतात. त्यांना जागवताना असा दंड लाल होतो, ताप येतो."

जन्मभर साड्या विणलेल्या आत्यांनी गेरूचे हात पदराला पुसले.

"मग मला कवा न्हेतीस?"

उद्याच. तुमच्या आत्यांना कधी नेताय?