नळाच्या दिवशीचा गाळ

मी मुळात घोर लावून घेणारी बाई. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी. अशा बाईने सांडपाणी केंद्रातल्या गाळाच्या टाक्यांची डिझाइनं करायची, म्हणजे जिवाला आयताच जाच.

शहराच्या कडेला एक छोटं केंद्र होणार होतं. वस्त्यांचं मैलापाणी तिथे स्वच्छ होऊन नाल्यात सुटणार आणि तळाशी बसलेला गाळ एका गोल टाकीत दाट होऊन वाळवणीच्या वाफ्यांवर जाणार. टाकी लहान पडली तर गाळ काठावरून सांडणार, तो थेट नाल्यात. नाला पुढे चितेगावच्या बाजूला जातो. तिथे माझं माहेर. धाकट्या भावाची विहीर नाल्याला अगदी लागून आहे. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागल्यापासून त्याच्या घरी पिण्याच्या पाण्याचे जार येत होते. हे काम मला मिळाल्याचं त्याने गावभर सांगितलं. मला मात्र त्या दिवसापासून धड झोप लागेना.

टाकीचं माप मी नियमाप्रमाणे काढलं होतं. माणशी रोजचं पाणी, त्यातून निघणारा रोजचा गाळ, वर थोडी सवड. साहेबांनी तपासलं, सही झाली, सळई बांधून झाली. दुसऱ्या दिवशी तळाचं काँक्रीट पडायचं होतं.

आणि त्या सकाळी आमच्याकडे नळ आले. आमच्या शहरात नळ रोज येत नाहीत; आठवड्याने येतात, कधी त्याहून उशिरा. आले की सगळ्यांच्या अंगात येतं. मीही ओढणी खोचून ड्रम आडवा केला आणि अर्धा ड्रम चांगलं, स्वच्छ पाणी मोरीत ओतून दिलं. का, तर ते शिळं झालं होतं! टँकरवाल्याशी बादलीभर पाण्यासाठी भांडणारी मीच ती. बाहेर गोधड्या, पायदानं, जिने, सगळं धुणं चाललेलं. गल्लीतलं आठवडाभर सुस्त पडलेलं गटार भरभरून वाहत होतं, आणि तळाशी साचलेली काळी घाण त्याच्याबरोबर निघाली होती.

रिकामा ड्रम धरून मी तशीच उभी राहिले. केंद्राला जोडलेल्या सगळ्या वस्त्या एकाच जलकुंभावर होत्या, म्हणजे सगळ्यांचे नळ एकाच दिवशी. मी रोजचा गाळ धरला होता. येणार होता तो आठवड्याचा, एकदम.

साहेब आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना फोन लावला.

"मॅडम, काँक्रीटच्या गाड्या सांगून झाल्यात. आता कसली शंका काढता?"

मी सांगत गेले. आवाज चिरकत होता, त्याची लाजही वाटत होती.

"आकडे आहेत का तुमच्याकडे?"

आकडे नव्हते. मी विचारलं, "सर, वहिनी आत्ता काय करतायत?"

फोनमधून पाणी बदाबदा ओतल्याचा आवाज आला.

"अगं, हळू ओत!" ते घरात ओरडले. मग मला म्हणाले, "थांबवतो काम."

नळाच्या दिवशीचा गाळ मोजून घेतला आणि जोडीला आणखी एक टाकी काढली. केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या नळाच्या दिवशी मी टाकीच्या कठड्याला धरून उभी होते. गाळ चढत गेला आणि काठाच्या खाली थांबला. मला वाटलं, सुटले.

काही महिन्यांनी भावाचा फोन आला.

"ताई, जार बंद केला बघ. विहिरीचंच पाणी पेऊ लागलोत."

"तपासून घेतलंस?"

"तपासायचं काय त्यात? वास लई कमी झालाय. पोरीलाबी तेच देऊ लागलो."

"अरे, केंद्रामुळे नाला सुधारतो. विहीर पिण्याजोगी होते असं मी कधी म्हटलं होतं का?"

"तू बांधलंय म्हटल्यावर अजून काय पाहिजे?"

असं म्हणून तो मोकळेपणी हसला. त्याच्यामागे पोरगी खोकल्यासारखं वाटलं. मी त्याला ओरडले, जार आत्ताच्या आत्ता मागव म्हणाले. तो "व्हय, व्हय" करत राहिला, आणि मला रडू फुटलं.