पडद्यामागचं पाणी

लेक तीन दिवसांची असताना सांगलीच्या दवाखान्यात तिचे कान तपासले. झोपेतच कानात रबरी बोंड घातलं आणि तपासणाऱ्या बाई यंत्राकडे बघत बसल्या. मग दुसरा कान. मग पुन्हा पहिला. दोन्ही नापास.

डॉक्टर म्हणाले, "कानाच्या पडद्यामागे पाणी असेल. बऱ्याच बाळांना असतं. त्यामुळे यंत्राला उत्तर मिळत नाही. कुत्र्याच्या पिल्लांची तपासणीसुद्धा अशीच फसते. दीड महिन्यानं या, मग खरं काय ते कळेल."

"आमचं लेकरू म्हंजी कुत्र्याचं पिल्लू व्हय?" आई तिथंच कडाडली. मला ना राग आला, ना रडू. मी दुपट्याची घडी घातली.

पलूसला माहेरी आलो. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करायचा मान आत्याचा. त्या आत्याचा, माझ्या नणंदेचा, वडूजहून फोन आला. "वैनी, ऐकूच जात नसंल तर कुर्र करून काय उपेग? कान नीट हुंद्यात, मग बघू." नवरा फौजेत, लांब. तोही म्हणाला, ताई म्हणते तसं करा. मी 'बरं' म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच 'बरं' म्हणत होते.

आई मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. दिवसभर नातीशी बोलायची, मधेच ताट वाजवायची. पोर कधी दचकायची, कधी ढिम्म. मी पाजत होते, लंगोट बदलत होते, ढेकर काढत होते. कामात कुठं चुकले नाही.

दीड महिन्यानं पुन्हा तीच खुर्ची, तेच बोंड. दोन्ही कान पास. आईनं डोळ्यांना पदर लावला.

"पाणी ओसरलं," बाई म्हणाल्या. "तेव्हाही तिला थोडंफार ऐकू येत असणार, दबकं, पाण्यात बुडी मारल्यावर येतं तसं. मारा हाक. आईचा आवाज ओळखेल."

मी वाकले आणि तेव्हा लक्षात आलं, दीड महिन्यात मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं मीच कधीतरी ठरवून टाकलं होतं.

"बाळा," मी म्हणाले.

ती दचकली, ओठ काढून रडायला लागली. मागून आई म्हणाली, "आगं, काय झालं माझ्या सोनीला?" तशी ती गप्प झाली.