सत्काराची चादर

कॉलेजात मी समुपदेशक. म्हणजे पदाला नाव मोठं आणि किंमत चहाच्या कपाएवढी. वाचताना अक्षरं डोळ्यांपुढे घोळ घालतात म्हणून पोरगं मठ्ठ ठरत नाही, एवढं प्राध्यापकांना पटवायला माझं सगळं वर्ष गेलं. "मॅडम, आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे ऐकून कान किटले. नव्हतं कसं? होतं की! तुम्ही त्यांना ढ म्हणून मागच्या बाकावर बसवत होता.

मैंदर्गीहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. तोंडी विचारलं की फडाफडा सांगायची, पेपर समोर आला की घामाघूम. यंदा नापास झाली तर कॉलेज बंद, असं घरी ठरलेलं. जादा वेळ आणि लेखनिक घ्यायला ती एकाच अटीवर तयार झाली. "मॅडम, वर्गात कुणाला कळू देऊ नका. कळलं तर तसलं काय बी घेणार न्हाय मी."

मी प्राध्यापकांची कार्यशाळा घेतली, हात जोडून सांगितलं, तिचं नाव बाहेर फुटू देऊ नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. विभागप्रमुख तर गहिवरलेच.

आणि स्नेहसंमेलनात त्याच गहिवरल्या माणसानं माईक हातात घेऊन तिला स्टेजवर बोलावलं. चादर, नारळ, गुलाबाचं फूल. "हिला धड वाचता येत नाही, तरी जिद्द बघा!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. ती नारळ धरून खाली बघत उभी, आणि फोटोवाला म्हणतोय, हसा की जरा! माझं डोकं फिरलं. खाली उतरल्यावर सरांना गाठलं, तर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना मॅडम, प्रोत्साहन द्या?" कप्पाळ माझं!

परीक्षेला वेगळी खोली तयार होती, लेखनिक येऊन बसली होती. ही मात्र मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसली. मी दारातून खुणावलं, तिनं मान वर केली नाही. घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. चादर घडी न मोडता माझ्या टेबलावर ठेवली. "सरांना द्या."

मी नेऊन दिली. सर हळहळले. "आपण सगळी सोय केली होती हो. तिनंच घेतली नाही." मग चादरीवरून हात फिरवत शिपायाला म्हणाले, "कपाटात ठेव रे. कोरीच आहे, पुढच्या वर्षी कामाला येईल."