पेरमिलीच्या अलीकडे, एक टक्का

नवऱ्याचा फोन बंद पडला तेव्हा आम्ही आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतो. पेरमिली अजून सात-आठ किलोमीटर लांब होतं आणि दुपारचे सव्वातीन झाले होते. त्याने सायकल थांबवली, हँडलवरचा फोन काढून माझ्याकडे धरला आणि म्हणाला, "गेला."

दुसऱ्या कुणाचा फोन गेला असता तर मी म्हटलं असतं, बरं झालं, दोन दिवस शांतता. पण याच्या फोनचं तसं नव्हतं. त्याला एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यातला. दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. दोन वर्षांपासून त्याच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर असतो. रक्तातली साखर किती आहे, वर चालली की खाली, ते तो सेन्सर सांगतो, पण फक्त त्याच्याच फोनला. साखर उतरायला लागली की फोन ओरडतो. हा सेन्सर आला म्हणून तर आम्ही लांबच्या सायकल प्रवासाला निघायची हिंमत केली. त्याआधी आमच्या मूल गावाहून शेजारच्या सावली गावापर्यंत गेलो तरी माझं अर्धं लक्ष त्याच्या मानेवरच्या घामाकडे असायचं.

आमचं मूलला राइस मिलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पट्टे, बेअरिंग वगैरे. ते हा चालवतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. भाऊबीज झाली की शाळेला अजून आठवडाभर सुट्टी असते, तेवढ्यात कुठंतरी जायचं. चार्जिंगचं सगळं खातं त्याचं. पुढच्या चाकाच्या मधल्या नळीत बसणारा डायनॅमो त्याने मागवला आणि आरे स्वतः ओवले. चाक फिरलं की वीज तयार होते आणि हँडलखालच्या डबीतून फोनला जाते. त्याशिवाय एक पॉवर बँक, आणि मागच्या सामानावर पसरायची सोलरची घडी. निघायच्या आधी मी काळजी केली तेव्हा म्हणाला होता, "तीन-तीन सोयी हायेत. तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली?"

पण आष्टीपासून अवकाळी पाऊस लागला. सोलरच्या घडीला दोन दिवस ऊन दिसलं नाही. डायनॅमोला ताशी पंधराचा तरी वेग लागतो, आणि आलापल्लीच्या पुढचा रस्ता मधे मधे खणून ठेवलेला, चिखलाने भरलेला. आम्ही सात-आठच्या वर जातच नव्हतो. निम्मं अंतर तर सायकली ढकलतच आलो. हँडलखालच्या डबीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा.

आणि पॉवर बँक. तिचं मला माहीत होतं. आलापल्लीच्या लॉजच्या खोलीत भिंतीवरचा एकच प्लग चालू होता. वीज जात-येत होती. त्याने पॉवर बँक तिथे लावली आणि झोपला. पहाटे मला जाग आली तेव्हा वीज होती. मी पॉवर बँक काढली आणि माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी लावली. सागवानावरची शेकरू मला फोटोत हवी होती. पॉवर बँकेवर एकच ठिपका पेटलेला दिसत होता. मनात म्हटलं, डायनॅमो आहेच की. कॅमेऱ्याचं झाल्यावर पुन्हा लावायची होती, पण वीज गेली. मी काही बोलले नाही. तो एक ठिपका दुपारी बारालाच संपला.

फोन बंद पडायच्या तासभर आधी त्याला उलटी झाली होती. दुपारी दीडला इन्सुलिन घेऊन त्याने बांधून आणलेले पोहे आणि दोन केळी खाल्ली होती. ती सगळी बाहेर पडली. तेव्हा फोनवर एकशे दहा होते म्हणून आम्ही चालत राहिलो. फोन गेल्यावर मी बोट टोचून बघायचं मशीन काढलं. आदल्या दिवशीच्या पावसात हँडलवरच्या पिशवीत पाणी शिरलं होतं. पट्ट्यांची डबी आतून दमट झाली होती. पहिली पट्टी घातली, मशीनने चूक दाखवली. दुसरी, तिसरी, तेच. एकूण अकरा पट्ट्या होत्या, अकराही वाया गेल्या. त्याच्या डाव्या हाताच्या सगळ्या बोटांना रक्ताचे थेंब आले होते.

"पुढे चाल," तो म्हणाला. "मले काई होत नाई."

दीड किलोमीटर गेलो असू. तो सायकल ढकलताना एकाच बाजूला जायला लागला. मी हाक मारली तर ओ दिली नाही. रस्त्याच्या उजवीकडे नाला होता, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला मासे धरणाऱ्यांची आठ-दहा घरं. कुडांवर जाळी वाळत टाकलेली. मी त्याच्या सायकलचं हँडल धरून त्याला तिकडे वळवलं.

पहिल्याच घरासमोर साठीच्या आसपासची एक बाई मासळी साफ करत बसली होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, हात धुतले आणि बाज ओढून दिली. "काय झालं बाई, तुमचा माणूस तं घामानं वला झाला."

"त्यांना साखरेचा आजार आहे," मी म्हटलं. "इथं वीज आहे का? फोन चार्ज करायचाय."

"लाईन नाई. झाड पडलं तारेवर, चार दिस झाले." गावात एक मोटारसायकल होती, तीही भामरागडला गेलेली. सौर दिव्यांचे डबे होते, पण आभाळ असल्याने तेही मेलेले. फोनला रेंज तिथे एरवीही नसते. शेजारच्या घरातला एक माणूस बोलणं ऐकून पुढे आला. काही न विचारता त्याने स्वतःची सायकल काढली आणि म्हणाला, "पेरमिलीले दवाखाना हाय. मी गाडी घेऊन येतो," आणि चिखलातून निघून गेला.

मी पिशवीतली साखर पाण्यात कालवून नवऱ्याला पाजली. दोन मिनिटांत ती उलटून पडली. पुन्हा पाजली, पुन्हा तेच. आणि मग तो म्हणाला, "साखर नको देऊ. वाढली हाय. मले इंजेक्शन दे."

साखर फार वाढली तरी उलट्या होतात, माणूस गळून जातो. फार उतरली तरी घाम येतो, माणूस वेड्यासारखं बोलतो. मला दिसत होतं ते दोन्हीकडे बसत होतं. आणि तीस वर्षं त्याचा स्वतःच्या शरीराबद्दलचा अंदाज फारसा चुकलेला नाही. उतरली असताना इन्सुलिन दिलं तर तो तिथेच, त्या बाजेवर संपला असता. आमच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट घोकून घ्यायला लावली होती: कळत नसेल तर साखर द्या, इन्सुलिन कधीही नको. मी ती मनात म्हणत होते, पण साखर पोटात टिकतच नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "आधी आकडा बघू, मग इंजेक्शन."

"मले समजते का तुले समजते? दे इकडे."

तो उठायला गेला. इन्सुलिनची गार पिशवी माझ्या सायकलला होती. मी आडवी झाले तर त्याने माझा हात झटकला. आजवर त्याने माझ्यावर हात सोडा, आवाजही चढवलेला नाही. डोळे माझ्याकडे होते, पण ओळख नव्हती त्यांत. "तुले मी मेलेलाच पाहिजे," तो म्हणाला. चार-पाच बाया जमल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं.

त्या म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "कोणती पिशवी?" मी दाखवली. तिने ती सायकलवरून सोडवली, पदरात बांधली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, पिशवी माह्याजवळ हाय. आता माह्याशी भांड." तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग बाजेवर बसला. बसला म्हणजे पाय दुमडून कोसळला.

तेव्हा मला चाक सुचलं. वर्गात सातवीच्या मुलांना मी दर वर्षी सांगते की डायनॅमोला रस्ता लागत नाही, फिरणं लागतं. आणि हे मला अर्ध्या तासाने सुचत होतं. मी त्याची सायकल अंगणात उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर. फोन जोडला आणि पुढचं चाक हाताने फिरवायला लागले. डबीवरचा हिरवा दिवा लागला. फोनच्या काळ्या काचेवर बॅटरीचं रिकामं चित्र उमटलं. माझा हात थकला की दिवा विझायचा, चित्र जायचं. पुन्हा फिरवलं की पुन्हा रिकामं चित्र. बंद-चालू होण्यातच जमलेली वीज खर्च होत होती. मला रडू यायला लागलं.

"सरक," एक तरणीताठी बाई म्हणाली. "तुले दम नाई." ती समोर उकिडवी बसली आणि टायरवर तळव्याने मारायला लागली. एकदा उजवा, एकदा डावा. चाक अडखळेना. ती दमली तेव्हा तिच्या शेजारणीने मधल्या मधे हात घातला, चाक क्षणभरही थांबू न देता. मग तिसरीने. टायरचा चिखल त्यांच्या लुगड्यांवर, तोंडावर उडत होता.

मी नवऱ्यापाशी बसले. तो आता भांडत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. हाक मारली की पापणी हलायची. म्हाताऱ्या बाईने घरातून बाटली आणली. रानातला मध होता, काळसर. "हा चालन का?" तिने विचारलं. गिळलं तर उलटतं, पण हिरड्यांना लावलं तर थोडं तरी आत जाईल, हे मला माहीत होतं. तरी बोट बाटलीत घालताना तेच डोक्यात: वाढली असेल तर? मी मध लावला. एका गालाच्या आत, मग दुसऱ्या.

पंचवीस मिनिटांनी फोन उजळला. "थांबू नका," मी ओरडले, "फिरवत राहा!" कोपऱ्यात एक टक्का दिसत होता. पूर्ण चालू व्हायला फोनने एवढा वेळ घेतला की मी घाम पुसायला पदर शोधत होते आणि अंगावर सायकलचे कपडे आहेत हे विसरले होते. फोन नवऱ्याच्या दंडाजवळ नेता येईना, वायर पुरत नव्हती. दोघींनी त्याची बाजच उचलून सायकलजवळ आणली. फोन दंडाला लावला. फोन थरथरला.

एकेचाळीस. बाण खाली.

फोन बंद असतानाचे तासही सेन्सरने जपून ठेवलेले होते. रेघ एकदम काढली गेली. एकशे दहापासून सरळ खाली येणारी. मला ती रेघ वाचायला वेळ नव्हता. मी मधाची बाटली मांडीत घेतली आणि दर मिनिटाला थोडा थोडा लावत राहिले. दहा मिनिटांनी त्रेचाळीस. मग बावन्न. बासष्ट झाल्यावर त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काय खाऊ घालून राह्यली?"

बाया हसल्या. चाकावरची बाई हसली नाही, तिने फक्त विचारलं, "आता सोडू का?" मी नको म्हटलं. पेरमिलीला गेलेला तो माणूस मोटारसायकल घेऊन येईपर्यंत, म्हणजे आणखी पाऊण तास, त्यांनी चाक सोडलं नाही. फोन सहा टक्क्यांवर होता आणि साखर एकशे चारवर.

पेरमिलीच्या आरोग्य केंद्रात सलाईन लावली. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, पोटाचं साधंच असावं, सकाळी जा. सलाईन चालू असताना त्याने मला विचारलं, "फोन बंद पडला तवापासून मले काईच आठवत नाई. मी काई बोललो का तुले?"

मी त्याला सगळं सांगितलं. पिशवीचं, म्हाताऱ्या बाईचं, चाकाचं. एक वाक्य सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका टेम्पोत सायकली टाकून आम्ही परत फिरलो. त्या घरांपाशी थांबलो. म्हाताऱ्या बाईने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवून बघितला, जशी बाजारात वस्तू बघतात, आणि "बरा हाय" असं मला सांगितलं, त्याला नाही. मधाची उरलेली बाटली तिने माझ्या हातात कोंबली. नको म्हटलं तर रागावली.

आलापल्ली मागे गेल्यावर मी त्याला पॉवर बँकेचं सांगितलं. सांगताना टेम्पोच्या खिडकीबाहेर बघत होते.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "सकाळी पिशवीत भरतानाच ठिपका पाह्यला ना मी."

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं तू म्हणली असती, आज थांबू, लाईन आल्यावर जाऊ. मले थांबायचं नव्हतं."

त्याक्षणी मला जो राग आला तो आदल्या दिवसभराच्या भीतीपेक्षा मोठा होता. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला त्या रस्त्यावर नेलं? तो म्हणाला, आणि तू शेकरूपायी माही बॅटरी काढली त्याचं काय? मी म्हटलं, शेकरू दिसलीसुद्धा नाही. तो म्हणाला, तेच तं. टेम्पोवाल्याने गाणी बंद केली होती आणि सरळ समोर बघत, अगदी हळू गाडी चालवत होता. आष्टीच्या पुलापर्यंत आम्ही भांडलो. पुलावर त्याचा फोन वाजला, साखर थोडी खाली चालली होती, आणि मी भांडता भांडताच बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्या हातात दिला.