अंगठा देणार नाही

हातातून खडू पडला तेव्हा मी दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. वाकून तो उचलायला गेले, तर बोटं खडूपर्यंत जात होती, पण मिटत नव्हती. दुसऱ्यांदा गेले. तेच. मुलांकडे वळून मी म्हणाले, "एक मिनिट." म्हणजे म्हणायला गेले. तोंडातून जे बाहेर आलं ते शब्द नव्हते. मागच्या बाकावर दोघीतिघी हसल्या, मग त्यांनाही आठवलं असावं की या बाई वर्गात गंमत करत नाहीत. शेजारच्या वर्गातल्या हिंदीच्या मॅडम धावत आल्या. पुढे त्या मला म्हणाल्या, "तुमच्या वर्गातून आवाजच येईना, म्हणून मी पाहायला आले."

शाळा सिंदीला आणि घर वर्ध्याला. एकवीस वर्षं मी रेल्वेगाडीनं अपडाउन केलं होतं. त्या दिवशी मात्र मला कुणाच्या तरी कारमध्ये मागच्या सीटवर आडवं घालून वर्ध्याला आणलं. रस्ताभर मी माझा उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

लकवा. आमच्याकडे हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. दवाखान्यात अकरा दिवस काढले. चौथ्या दिवशी बोलणं सुधारलं, आठवड्याभरात पाय टाकता येऊ लागला. हात काही येईना. येईल हळूहळू, किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुटी मिळाली त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "दुसरा झटका येऊ शकतो का?"

ते फाइलमध्ये पाहत म्हणाले, "गोळ्या वेळेवर घ्या."

एवढं उत्तर घेऊन मी घरी आले. त्यानंतरची माझी प्रत्येक सकाळ त्याच प्रश्नानं उजाडायची. डोळे उघडण्याआधी मी पायाची बोटं हलवून पाहायची. मग जीभ दातांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. मग उठून आरशासमोर उभं राहून हसायचं, दोन्ही गाल सारखे वर जातात का ते बघायला. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी आरशात हसत होते. आयुष्यात एवढी कधी हसले नसेन.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून आहेत. घरातली साधी चादर कधी झटकली नव्हती त्यांनी, पण त्या दिवसापासून माणूसच बदलला. ब्रशवर पेस्ट लावून देत, वेणी घालून देत, गोळी माझ्या तळहातावर ठेवून वर पाण्याचा ग्लास ओठाला लावत. सकाळी ब्लाऊजचे हूकसुद्धा तेच लावत, मान दुसरीकडे वळवून. मी उठायला लागले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काऊन उठली? बस ना. मी करून राह्यलो ना!"

मी बसायची. हूक लावून घ्यायची इतकी लाज वाटायची की मी साडी नेसणंच सोडलं. दिवसभर गाऊन. गाऊनमध्ये बाहेर जाता येत नाही, म्हणून बाहेर जाणं बंद झालं. कुणी भेटायला आलं तर मी झोपले आहे असं सांगायला लावायची.

पुण्याहून मुलगी व्हिडिओ पाठवायची. दोन्ही हात नसलेला एक माणूस पायानं चित्रं काढतो, मागे मोठं संगीत. ते पाहून मी ढसाढसा रडायची आणि दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीचा मऊ बॉल दोनशे वेळा दाबायची. दोनशेपर्यंत मोजताना वाटायचं, आता मी थांबणार नाही, आता बघाच. तिसऱ्या दिवशी मनगट सुजायचं. चौथ्या दिवशी बॉलकडे पाहवायचंही नाही. मग मुलगी दुसरा व्हिडिओ पाठवायची. यजमानांनी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं, लाल पेनानं, सकाळी अमुक वेळा, दुपारी तमुक वेळा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चपला काढता काढता ते विचारायचे, "झाला का व्यायाम?"

"झाला," मी म्हणायची.

गृहपाठाबद्दल एकवीस वर्षं मुलं माझ्याशी ज्या आवाजात खोटं बोलली, तो आवाज आता मला स्वतःच्या तोंडून ऐकू येत होता.

फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायची, आठवड्यातून तीन दिवस, साडेचारच्या सुमारास, स्कूटीवरून. ती मूळची रोहण्याकडची, शिक्षण वर्ध्यात. बोलणं गावचंच ठेवलं होतं तिनं. दीडेक महिना झाला असेल. एक दिवस तिनं टेबलावरचा बॉल उचलला आणि बोट फिरवून मला दाखवलं.

"मॅडम, याच्यावर धूळ आहे."

माझी कानशिलं गरम झाली, आणि ती गरम झाल्याबरोबर लगेच भीती वाटली की बीपी वाढलं. मी जीभ दातांवरून फिरवून घेतली. तिनं ते पाहिलं असावं. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"मले सांगा, तुमाले काय करायचं आहे?"

"बरं व्हायचंय."

"ते कधी होईन, किती होईन, मलेई माईत नाई अन् तुमालेई नाई. तसं नाई इचारत मी. काय येत नाई म्हणून तुमाले सगळ्यात जास्त राग येते?"

उत्तर मला ताबडतोब सुचलं, पण सांगायची लाज वाटत होती. शेवटी मी खिडकीकडे पाहत म्हटलं, "ब्लाऊजचे हूक."

ती हसली नाही. "आहे का एखादा जुना?" एवढंच म्हणाली. कपाटातून तिनं माझा फिका पडलेला ब्लाऊज काढला, उशीला गुंडाळून समोरून ओढला आणि उशी माझ्या मांडीवर ठेवली. मी विचारलं, "किती वेळा करू?"

"मले काऊन इचारता? तुमी सांगा."

ती पन्नास म्हणेल, शंभर म्हणेल, याची तयारी होती माझी. मनातल्या मनात ते टाळण्याचीही तयारी होती. आपला आकडा आपणच सांगायचा म्हटल्यावर मला खरोखर विचार करावा लागला. अंग दुखत असेल, रडू येत असेल, सकाळपासून भीती वाटत असेल, त्या दिवशीसुद्धा मी किती वेळा करीन?

"चार," मी म्हणाले.

"चारच?"

"चारच."

"मंग चार," ती म्हणाली, आणि जाताना फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. मी तो फाडला नाही, घडी करून डब्याखाली ठेवला. तेवढं धाडस नव्हतं.

त्या संध्याकाळी यजमानांनी ब्लाऊज घातलेली उशी पाहिली आणि पाहतच राहिले. मी सांगितलं नाही काय आहे ते. किती तरी दिवसांनी माझ्याकडे न सांगण्यासारखं काही होतं.

चार वेळा हूक लावायला सुरुवातीला चाळीस मिनिटं लागायची, आणि चारपैकी एकही लागायचा नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत यायची आणि ऐन वेळी घसरायची. त्याबरोबर मी दुसरं एक सुरू केलं, ते त्या मुलीनं सांगितलेलं नव्हतं. यजमान ऑफिसला गेले की मागच्या अंगणात शहाबादी फरशीवर डाव्या हातानं खडूनं आकडे काढायचे. एक ते नऊ, एकदाच. ते येण्याआधी पाणी टाकून पुसायचे. माझा आठ भोपळ्यासारखा यायचा.

तीनेक आठवड्यांनी उशीचा पहिला हूक लागला. आनंद व्हायच्या आधी मला धास्ती वाटली की हा चुकून लागला, उद्या लागणार नाही. दुसऱ्या दिवशी खरंच लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन लागले. असंच चाललं. अंगावर घातलेल्या ब्लाऊजचे सगळे हूक पहिल्यांदा लावले त्या सकाळी मला पंचवीस मिनिटं लागली, आणि यजमान दाराबाहेर उभे राहून विचारत होते, "झालं का? येऊ का आत?"

"नका येऊ," मी म्हणाले.

दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "माह्यं काई चुकलं का?" त्यांनी विचारलं.

माझी रजा संपत आली होती. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. बाजूला शाईचं पॅड ठेवलं.

"तुही सही आता जुळत नाई," ते म्हणाले. "हेडमास्तरांशी बोललो मी. अंगठा चालते म्हणाले."

"माह्याशी काऊन नाई बोलले?"

"डॉक्टर म्हणाले ना, तुले टेन्शन नाई द्यायचं."

त्या निळ्या पॅडकडे मी पाहत राहिले. माझ्या आईला सही येत नव्हती. ती अंगठा उठवून आली की पदराला बोट पुसत राहायची, शाई निघून गेल्यावरही. मला बीएस्सी, बीएड होऊ दिलं ते तिनं.

"मी अंगठा देणार नाही," मी म्हणाले.

हे मी खंबीरपणे म्हणाले असं वाटेल वाचताना. तसं नव्हतं. या भांडणातच दुसरा झटका येणार अशी माझी खात्री झाली होती. तरी मी तेच पुन्हा म्हणाले. ते एकदम मोठ्यानं ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"तू तिकडे सिंदीले पडली अन् मी इकडे! फोन आला तवा मले समजेच ना, जिती आहे का नाई ते. मले तो फोन पुन्हा नाई पाहिजे."

आणि ते रडायला लागले. तोवर मला वाटत होतं की घाबरलेलं माणूस घरात एकटी मीच आहे.

मी शाईचं पॅड झाकून बाजूला सरकवलं. मग मी म्हटलं, "मले एक दिवस जाऊन पाहू द्या. नाई जमलं तर मी स्वतः सही करीन. डाव्या हातानं करीन, पण सही करीन."

"मी येतो संगं."

"नाई. एकटीच जाते. अन् फोन मी करीन. तुमी करू नका."

त्या सोमवारी त्यांनी मला वर्धा स्टेशनवर सोडलं आणि फलाटावर उभे राहिले. गाडी हलली तशी माझी बोटं पर्समधल्या फोनकडे गेली. सेलू रोड आलं, पुन्हा गेली. तुळजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. उतरले नाही, कारण डाव्या हातात पर्स होती, आणि उतरायचं म्हटलं तरी दांडी धरायला तोच उजवा हात होता. एवढंच कारण. सिंदीला पुलाच्या पायऱ्या एकेक करून चढले. मागून येणारे लोक बाजूनं जात होते, आणि मला त्यांचा खूप आधार वाटत होता, कारण त्यातलं कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं.

हेडमास्तरांनी दहावीचाच तास घ्यायला सांगितला. डाव्या हातात खडू घेतला. तारीख लिहिता लिहिता ओळ खाली उतरत गेली. मुलांचं उतरवून व्हायचं आणि माझं लिहून व्हायचं नाही. पुढच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, तो पाच आहे का सहा?"

"पाच," मी म्हणाले, पुसला आणि पुन्हा काढला.

तास अर्धा झाला असेल, तेवढ्यात डोकं गरगरलं. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. आलाच, मला वाटलं, त्याच फळ्यासमोर. मी खुर्चीत बसले. "दोन मिनिटं थांबा," मी वर्गाला म्हणाले, आणि ते स्पष्ट ऐकू आलं, मलाही आणि त्यांनाही. पायाची बोटं हलवली. जीभ फिरवली. दोन्ही गालांनी हसून पाहिलं. वर्गाला वाटलं असेल, बाई आपल्याकडे पाहून हसताहेत, कारण दोघीतिघी हसल्या. मग मी पाणी प्याले, उठले आणि उदाहरण पूर्ण केलं. काही झालं नव्हतं. भीतीच होती ती नुसती, पण अंगावर अगदी तशीच आली होती.

नंतर हेडमास्तर अवघडून म्हणाले, "मॅडम, बोर्डाचं वर्ष आहे. वेळापत्रकात तुम्हाला कुठं बसवू, तुम्हीच सांगा."

मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. "दहावी काढून घ्या," मी म्हणाले. "सातवी द्या. पण रोजचे तास द्या. उपकार म्हणून एखादा नको." दहावी गेली याचं वाईट आजही वाटतं. पण ती मी सोडली होती, कुणी माझ्या हातातून घेतली नव्हती, आणि घरी येताना गाडीत मी याच एका गोष्टीला धरून बसले होते.

पुढे पावसाळ्यात त्या फिजिओथेरपीच्या मुलीला नागपूरला नोकरी लागली. जाताना ती म्हणाली, "आता तुमाले माही गरज नाई." मला ते ऐकून धडकीच भरली. तोवर माझ्या मनात होतं की हे सगळं तिच्यामुळे चाललंय. ती गेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी घरी येऊन मी साडेचारला पलंगावर बसून राहिले. कुणी विचारणारं नव्हतं. त्या दिवशी मी हातासाठी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी केलं. का केलं ते सांगता येणार नाही. व्हिडिओ पाहिला नव्हता, कुणी रागावलं नव्हतं, मनात काही उसळलंही नव्हतं. करायचं होतं एवढंच.

त्याला आता दोन वर्षं होतील. दिवाळीत पाहुणे आले की आठ-आठ दिवस खाडा पडतो. पूर्वी खाडा पडला की सगळं संपलं असं वाटायचं आणि मी पुन्हा कुणाच्या तरी धक्क्याची वाट पाहत बसायची. आता ज्या दिवशी लक्षात येतं, त्या दिवशी सुरू करते.

हात पूर्ण आलेला नाही, येणारही नाही बहुतेक. सध्या सुईत दोरा ओवून पाहते आहे, रोज तीनदा, व्हरांड्यातल्या उजेडात. अजून एकदाही जमलेलं नाही. दोरा नेढ्याजवळ गेला की हात थरथरतो, आणि थरथरला की अजूनही माझी जीभ आपोआप दातांवरून फिरते. मी थोडी थांबते, दोऱ्याचं टोक ओलं करते आणि पुन्हा धरते.