शकूआत्याची बारा वर्षांची साखर

“साखर लिही! बारा वर्षांची हाय, लिही म्हणते ना!”

शकूआत्या विमा एजंटवर ओरडली आणि हायवेवर हैदराबादकडं निघालेल्या ट्रकनं साइड दिली. उमरग्यात ट्रकवाले हॉर्नला दाद देत नाहीत. आत्याच्या आवाजाला देत.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. इतर बाया सुनांच्या तक्रारी सांगतात, तशी ही स्वतःची दुखणी सांगायची. एसटीत “एक तुळजापूर” म्हणताना कंडक्टरला बीपी कळायचा, बांगड्या भरताना कासारणीला गुडघा. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार पित्तापर्यंत ऐकून हात जोडून निघाला, तो पाच वर्षं गल्लीत फिरकला नाही. तसा तो एरवीही फिरकला नसताच म्हणा.

तर आरोग्य विम्याची कंपनी बदलायची होती. जुन्या कंपनीचा कॅशलेस दवाखाना थेट सोलापुरात, नवीचा गावातच. गल्लीतला बाळू एजंट म्हणाला, “चार वर्षं खंड न पडता हप्ता भरलाय. जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत संपली, आन् ती वर्षं नवी कंपनीबी धरती.” मग त्यानं आवाज खाली आणला. “पण आत्या, एवढी दुखणी वाचून कंपनी घ्यायचीच न्हाय. साखर, बीपी गाळू की.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी सगळ्यात आधी.

“चष्मा काढून पोरगी दाखवली,” आत्या कडाडली, “तर लग्नानंतर पिठल्यात मिठाऐवजी सोडा पडतोय. मंग नांदवतंय कोण? लिही!”

लहानपणी म्हशीनं तुडवलेला अंगठासुद्धा तिनं लिहायला लावला. बाळूचं पेन संपलं, मग माझं संपलं. जुन्या पॉलिसीचे चारही कागद जोडले. कंपनीनं रक्त तपासलं आणि गप्प बसली. तेवढे दिवस आत्याही हळू बोलायची. शेजारी घाबरून विचारपूस करायला आले. शेवटी होकार आला, जुनी वर्षं धरून.

आठ महिन्यांनी तिच्या छातीत कळ आली. गावातल्याच दवाखान्यात स्टेंट टाकायचं ठरलं. स्ट्रेचरवरूनही आत्यानं डॉक्टरांना अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यांनी ते केसपेपरवर उतरवलं. कंपनीनं विचारलं, साखर कधीपासून? मी जुना फॉर्म काढून केसपेपरशेजारी ठेवला. आम्ही गाळली असती, तर ती आता केसपेपरात सापडली असती आणि कंपनीनं हात वर केले असते. केसपेपरात बारा वर्षं, फॉर्मात बारा वर्षं.

मंजुरी आली. मी असा सुस्कारा सोडला, की काउंटरवरचे कागद सीमा ओलांडून कर्नाटकात गेले.

आता आत्या लेकीकडं लातूरला असते, आणि उमरग्यात ट्रक कुणालाच साइड देत नाहीत. मला मात्र कुठलाही फॉर्म भरताना तिचा आवाज ऐकू येतो. स्टेंट टाकल्यावर मी तिच्या खाटेपाशी डोळे पुसत धावत गेलो होतो. म्हणालो, “आत्या, तुमच्या तोंडानं वाचवलं बघा आपल्याला! कंपनीनं सगळं दिलं!”

“बरं,” ती म्हणाली. “चहा सांग. बिनसाखरेचा.”